खालचा आवाज

“मला आत घे” हे वाक्य वाचताना माझा आवाज कापला. फार नाही, शेवटच्या शब्दापाशी जरासा हलला, दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण कॉनराड माझं रेकॉर्डिंग करतोय त्याला जमाना झाला. काचेपलीकडून त्यानं हात वर केला, पडद्यावरचा माणूस बर्फात दारासमोर उभा होता तो तसाच थांबला, आणि कॉनराड हेडफोनमध्ये हळूच म्हणाला, “इरमिनाबाई, तुम्ही अभिनय केलात.” शर्टाचं बटण चुकीच्या काजात गेलंय हे वडीलधाऱ्या माणसाला सांगावं, तशा बेतानं बोलला बिचारा. आमच्या धंद्यात याहून मोठा अपमान नाही. आमच्याकडे परदेशी सिनेमा टीव्हीवर लागला की सगळ्यांची वाक्यं एकच जण वाचतो. नवरा, बायको, पोर, पोलीस, भूत, परग्रहावरून आलेलं जे काय असेल ते, सगळ्यांची. त्याला आम्ही लेक्टर म्हणतो. वाचायचं सपाट. मूळ नटाचा आवाज खाली बारीक चालू असतो, त्यानं तोंड उघडलं की अर्धा श्वास थांबायचं, त्याचं रडणं-ओरडणं लोकांच्या कानावर पडू द्यायचं आणि मग त्यावरून आपलं वाक्य न्यायचं. भावना त्याची, अर्थ आपला. बाहेरच्या लोकांना हे ऐकून हसू येतं. येऊ दे. माझ्या शेजारणीला विचारा, ती म्हणेल की मी वाचते हे पाच मिनिटांत विसरायलाच होतं, आणि मला तेवढंच हवं असतं. त्या दिवशी मात्र मी विसरू दिलं नाही. कॉनराडनं विचारलं, “घरी सगळं ठीक?” मी म्हटलं, “ठीक आहे. घे पुन्हा.” पुन्हा घेतलं, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा मी ते वाक्य दळण टाकल्यासारखं टाकलं आणि कॉनराड म्हणाला, “चालेल.” तो “चालेल” म्हणाला याचा मला ट्राममध्ये घरी पोचेपर्यंत राग येत होता.

सिनेमा तसा साधाच होता. एक माणूस दूरच्या ग्रहावर जातो, हरवतो, सगळे त्याला मेला समजतात, आणि एक दिवस तो बायकोच्या दारात येऊन उभा राहतो. चेहरा तोच, हात तेच, हनुवटीवरची खूणही तीच. पण त्याला काही म्हणजे काही आठवत नाही. बायकोचं नाव नाही, घर नाही, स्वतःचं नावही नाही. फक्त दारात उभा राहून आत घे म्हणतो. बायकोच्या हातात दाराची साखळी. दीड तासाच्या सिनेमात तासभर ती साखळी हातात धरून उभी आहे आणि आपण घाबरायचं की हा कोण. अनुवाद कुणा नव्या मुलानं केला होता. “मला आत येण्याची परवानगी दे” असं लिहिलं होतं त्यानं, दारात कुडकुडणारा माणूस असं बोलतो का? मीच ते “मला आत घे” केलं. सेवेरिननं असतं तर पहिल्यांदाच बरोबर लिहिलं असतं. सेवेरिन माझा नवरा. आमच्याकडच्या भुतांची, अंतराळवीरांची, रक्तपिपासूंची आणि यंत्रमानवांची अर्धीअधिक बोली त्यानं घडवली आहे, आणि ती बहुतेक सगळी माझ्या तोंडून बाहेर पडली आहे. आता तो झोलिबोझ वस्तीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात खिडकीशी बसलेला असतो आणि त्याला शब्द सापडत नाहीत.

बायकांना आमच्या धंद्यात सहसा पक्ष्यांचे, माशांचे माहितीपट देतात, फार तर रडक्या मालिका. मला भुतं मिळाली ती सेवेरिनमुळे. लष्करी कायदा लागून रस्त्यावर रणगाडे उभे होते त्या हिवाळ्यानंतरची गोष्ट. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या तळघरात विज्ञानकथांचं एक मंडळ भरायचं. कुणाचा तरी मामेभाऊ जहाजावरून व्हिडिओ टेपा आणायचा, कॉपीची कॉपी काढलेल्या, रंग असे उडालेले की रक्त हिरवं दिसायचं, आणि सेवेरिन टीव्हीशेजारी उभा राहून तिथल्या तिथं भाषांतर करून बोलायचा. बोलायचा कसला, नाचायचा. राक्षस आला की स्वतःच ओरडायचा, नायिका मेली की ह्याचा गळा दाटायचा, लोकांना काही कळायचं नाही. मी मैत्रिणीबरोबर गेले होते, ऊब मिळेल म्हणून. मध्येच चिडून मी म्हटलं, “अहो, तुम्ही जरा गप्प राहून सांगाल का?” सगळे हसले. तो माझ्याकडे बघत राहिला आणि पुढच्या वेळी त्यानं मला टीव्हीशेजारी खुर्ची दिली. तो मागे उभा राहून कानात अर्थ सांगायचा, मी मोठ्यानं बोलायची. “तुझा आवाज काकडीच्या लोणच्याच्या बरणीसारखा आहे,” तो म्हणाला होता, “थंड, आणि झाकण घट्ट.” मला याहून गोड कुणी काही बोललेलं नाही, आणि मी त्याच्याशी लग्न केलं.

मग वर्षानुवर्षं आमचं स्वयंपाकघर म्हणजे दुसरं तळघर. मंडळातली माणसं टेबलाभोवती कोंबून बसायची, आंबट सूप ढवळत मी ऐकायची, आणि वाद चालायचे ते देवाधर्मावर घालायचे तसे. माणसाची हुबेहूब नक्कल केली तर पाप कुणाच्या नावावर? मेलेल्याला परत आणायचा कुणाला हक्क आहे? चर्चमध्ये जे विचारायची आमची हिंमत नव्हती आणि पक्षाच्या सभेत विचारायची सोय नव्हती, ते आम्ही रबरी मुखवट्यांच्या आडून विचारत होतो. मला अजूनही वाटतं की बरोबर जागी विचारत होतो. सेवेरिन सगळ्यांत आडमुठा. “भयपटात प्रश्न एकच असतो,” तो चमचा उगारून म्हणायचा, “दार उघडायचं की नाही. आणि उत्तरही एकच. परत आलेल्याला आपलं नाव आठवत नसेल तर तो परत आलेलाच नाही. दार लावून घ्यायचं. उघडलं की मेलात.” मी म्हणायची, “आणि त्याला थंडी वाजत असेल तर?” “भुताला थंडी वाजत नाही.” “तुला कसं माहीत?” यावर सगळे हसायचे आणि त्याची बहीण लेओकादिया सगळ्यांत मोठ्यानं. ती पोझनानहून सुट्टीत यायची, सिनेमा चालू असताना बोटांच्या फटीतून बघायची, आणि वादात मात्र भावाच्या बाजूनं ठाम. आठवण म्हणजेच माणूस, असं त्या दोघांचं मत. बाकी सगळं मांस. मी एकटी पडायची आणि सूप वाढायची.

आता बघा नशिबाचा खेळ. आधी त्याची नावं गेली, मग वस्तू, मग वाक्यांचे सांधे. डॉक्टरनं मेंदूची चित्रं दाखवून सगळं समजावलं, मी मान हलवली. आता तो बोलतो, पुष्कळ बोलतो, आवाजात चढउतार आहेत, प्रश्न आहे, थट्टा आहे, रागसुद्धा आहे, पण शब्द म्हणून काही हाती लागत नाही. परक्या देशाचा रेडिओ लागावा तसं. मला ओळखतो का? बायको म्हणून नाही. मी प्रेमानं बोलायला गेले, “अरे सेवेरिन, राजा, असं काय करतोस” असं काही म्हटलं, की बिथरतो, कोटाच्या बाह्या ओढायला लागतो, दाराकडे जातो. पहिले काही महिने मी रोज रडले, खोटं कशाला सांगू. मग एका दुपारी मी अगदी थकले होते, गळ्यात काही उरलंच नव्हतं, आणि मी स्टुडिओच्या काचेच्या खोलीतल्या आवाजात म्हटलं, “सेवेरिन उठतो. सेवेरिन स्वेटर घालतो. बाहेर पाऊस आहे.” तो थांबला. माझ्याकडे वळला. आणि स्वेटरमध्ये हात घातला, निमूट. हा आवाज त्याच्यात कुठंतरी खोल बसलेला आहे, माझा चेहरा जिथून पुसला गेला त्याच्याही खाली. तेव्हापासून मी घरात सपाटच बोलते. शेजारणीला वाटतं मी दगड झालेय. मला काय कुणाला पटवायचं नाही.

आणि त्याच सुमाराला ते दुसरं सुरू झालं, ज्याची मला धास्ती वाटते. कोपऱ्यावरच्या बेकरीत तो काहीतरी बोलला, लांबलचक, बेकरीवाली बाई गोंधळून माझ्याकडे बघायला लागली, आणि मी अर्धा श्वास थांबून त्यावरून वाक्य नेलं: “खसखशीचे दोन पाव द्या, आणि कालचे देऊ नका.” सवय हो, दुसरं काय. त्याला खसखशीचेच लागतात हे मला माहीत होतं. ती हसली, तोही खूश झाला. मग पोस्टात, मग जिन्यात, मग डॉक्टरकडेसुद्धा. तो बोलायचा आणि मी वाचायची. आधी हवं-नको एवढंच. पुढं पुढं मी रंगायला लागले. “तुमची नात मोठी झाली की.” “आज तुम्हाला हा रुमाल शोभतोय.” शेजारी म्हणायला लागले, सेवेरिनसाहेब आता बरेच सुधारलेत, बोलण्यात पूर्वीसारखी मिस्कीली आलीय. मी जिना चढताना रेलिंग धरून उभी राहिले तेव्हा. मिस्कीली कुणाची? मी इतकी वर्षं त्याचे शब्द बोलले. माझ्या तोंडानं तो बोलत होता, झपाटलेलं झाड म्हणा मला. आता मी त्याच्या तोंडावरून माझे शब्द नेत होते आणि खालचा आवाज दिवसेंदिवस मीच बारीक करत चालले होते. सिनेमात असतं तर लोकांनी नेमकं ओळखलं असतं की या घरातलं भूत कोणतं, खिडकीशी बसलेलं की दुसरं.

लेओकादियाचा फोन आला तो त्याच आठवड्यात, आवाज कापल्याच्या दुसऱ्या दिवशी. पोझनानजवळ चर्चच्या जोगिणींचा एक आश्रम आहे, आजारी म्हाताऱ्यांना सांभाळतात, तिथं एक खाट रिकामी झालीय, तिनं त्यांच्या हातापाया पडून ती धरून ठेवलीय, सोमवारपर्यंत होकार द्यायचा. होकार माझा लागणार. “अगं बाग आहे तिथं. डॉक्टर आहे. आणि मी रोज जाईन,” ती म्हणाली. मी म्हटलं, “बघते.” “बघते काय, इरमिना? तुझा खुबा दुखतो, तू रेकॉर्डिंगला जातेस तेव्हा त्याच्याकडे शेजारीण बसते, तीही सत्तरीची. उद्या तू पडलीस म्हणजे?” खरं होतं ते, म्हणून मी आणखी चिडले. ती पोझनानमध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकते असं मी मनात म्हटलं, पण तेवढ्यात तिचा सूर उतरला. “इरमिना, तो आता सेवेरिन नाहीये. तू रिकाम्या घराला पहारा देतेयस. तो स्वतःच म्हणायचा ना, ज्याला आपलं नाव आठवत नाही त्याला दार लावून घ्यायचं. आज तो शुद्धीवर असता तर त्यानंच तुला सांगितलं असतं, मला पाठव म्हणून.” तो तसं म्हणायचाच. आणि मी, जिला शब्द पुरवायला आता कुणी मागे उभं नाही, मी पटकन बोलून गेले, “तो म्हणतोय की त्याला इथंच राहायचंय.” तिनं विचारलं, “तो म्हणतोय?” “हो.” “बोलतो म्हणजे तो?” “बोलतो. मला कळतं.” ती म्हणाली, “मग रविवारी येते. माझ्या समोर म्हणू दे. तो म्हणाला ना, तर मी आश्रमाचं नावसुद्धा काढणार नाही, आईची शपथ.” लेओकादिया आईची शपथ उगाच घेत नाही.

रविवारपर्यंत मी मनातल्या मनात सेवेरिनशी भांडले. त्या चमचा उगारणाऱ्याशी. तू म्हणतोस दार लावून घ्यायचं. पण तू कधी दाराच्या अलीकडे उभा राहिलास का? तू नेहमी मागे, माझ्या कानाशी, अर्थ सांगत. दारात मी. साखळी माझ्या हातात. तुझा सिद्धांत असा की आठवणी म्हणजे माणूस, आणि त्या गेल्या की उरतं ते दुसरंच काही. बरं, मानलं. मग हा कोण, ज्याला थंडी वाजते? हा जो सूप गरम लागलं की अगदी तुझ्यासारखं नाक मुरडतो? हा तूच आहेस असं मी म्हणणारच नाही, मला सिद्ध करता येणार नाही, आणि सिद्ध करायच्या भानगडीत पडले की मी हरले. मी भांडी घासत होते, तो खिडकीशी बसून बोलत होता आणि मी वाक्य न्यायचं टाळत होते. फार जड गेलं. तोंडात वाक्यं नुसती उभी राहायची. त्याचा आवाज ऐकायला गेलं की कळायचं, किती दिवसांत मी तो नीट ऐकलेलाच नाही, नुसती माझी पाळी कधी येते याची वाट बघत होते.

रविवारी दुपारी लेओकादिया आली. केस नीट बसवलेले, हातात खसखशीच्या केकचा डबा, तिनं स्वतः केलेला. सेवेरिनच्या दोन्ही गालांवर तिनं मुके घेतले, त्यानं घेऊ दिले आणि मग भिंतीकडे बघत राहिला. तिचे डोळे भरले ते तिनं लपवले नाहीत. तिला जिंकायचं होतं असं मी फोनवर समजत होते. तिला भाऊ हवा होता, दुसरं काय हवं असणार? जेवण झालं. मी चहा ठेवला. तिनं खुर्ची त्याच्याजवळ ओढली, त्याचा हात हातात घेतला आणि अगदी हळू, लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, “सेवेरिन, मी लेओकादिया. तुला कुठं राहायचंय, सांगशील? इथं, की माझ्याजवळ?”

तो बोलला. कित्येक महिन्यांत बोलला नव्हता इतकं बोलला. आवाज आधी खाली होता, मग वर गेला, मध्ये एक हसण्यासारखं काही आलं, मग त्यानं मोकळा हात उचलून हवेत काहीतरी बाजूला सारलं आणि पुन्हा बोलला, घाईनं, जणू गाडी सुटतेय. शेवटी थांबला. लेओकादियानं माझ्याकडे पाहिलं. माझा अर्धा श्वास झाला होता. वाक्य तयार होतं, माझ्या जिभेवर बसलेलं, सपाट, घट्ट झाकणाचं: मला इथंच राहायचंय, इरमिनाजवळ. एवढं म्हटलं की काम झालं असतं. ती शपथेला जागली असती, केक खाऊन सहाच्या गाडीनं गेली असती, आणि तो माझ्याजवळ राहिला असता. मी खोटं बोलले असते असंही कुणी म्हणू शकलं नसतं, कारण कोण सांगणार त्यानं काय म्हटलं? पण मी त्याच्याकडे बघत होते. त्यानं जे म्हटलं ते कुणाला तरी कळावं असं त्याला फार वाटत होतं, चेहऱ्यावर दिसत होतं ते. आणि मला ते कळलं नव्हतं. त्यावर माझं वाक्य ठेवलं असतं तर ते कायमचं गेलं असतं.

“मला नाही कळलं,” मी म्हटलं.

“म्हणजे?”

“म्हणजे तो काय म्हणाला ते मला कळलं नाही, लेओकादिया. फोनवर मी तुला सांगितलं ते माझं होतं. बेकरीत, जिन्यात, सगळीकडे बोलते ते बरंचसं माझंच असतं.”

तिनं त्याचा हात सोडला नाही. “मग मिटलं की,” ती म्हणाली. आवाजात जिंकल्याचा मागमूस नव्हता, उलट पाय घसरल्यासारखी दिसली. तिलाही वाटत असणार की मी काहीतरी सुंदर म्हणेन आणि तिला ते मानता येईल.

“हो, मिटलं. तो इथंच राहणार.”

“इरमिना, असं कसं? तूच म्हणतेस कळत नाही—”

“कळत नाही म्हणूनच सांगतेय. कळलं तर ठेवायचा आणि नाही कळलं तर पाठवायचा, असं असेल तर मग मी त्याला ठेवलंच नव्हतं, माझ्या वाक्यांना ठेवलं होतं.” माझा आवाज कापत होता. सपाट करायच्या भरीस मी पडले नाही. “तो तोच आहे का, मला माहीत नाही. कदाचित नसेल. तुमचं दोघांचं बरोबर असेल. पण जो कोण आहे तो या घरात बसलाय, आणि मी त्याला इथून हलवणार नाही. खुब्याचं काय करायचं ते मी बघेन. स्टुडिओ सोडावा लागला तर सोडेन, तसाही माझा आवाज आता कामाचा राहिलेला नाही. तुला भाऊ हवा असेल तर इथं येत जा, खोली आहे. पण त्यानं आधी काही बोलून दाखवावं आणि मग त्याला घरात जागा मिळावी, हे मला मान्य नाही.”

लेओकादिया रडत होती. “तो स्वतः म्हणायचा, दार लावून घ्या म्हणून.”

“म्हणायचा. चुकत होता तो. तेव्हाही चुकत होता, आणि तू हसत होतीस, आणि मी सूप वाढत होते.”

तिनं नाक पुसलं, खिडकीबाहेर पाहिलं, मग माझ्याकडे. “उद्या जोगिणींना काय सांगू?”

“खाट दुसऱ्या कुणाला द्या म्हणावं. पुष्कळ जण वाट बघत असतील.”

तिची मान हलली की नुसती खाली गेली, मला नक्की सांगता येणार नाही. चहा उतू गेला होता, मी उठून गॅस बंद केला. तेवढ्यात सेवेरिन परत बोलायला लागला. माझं तोंड उघडलं, आपोआप, ते काय आता जन्माचं वळण. मी ते मिटलं आणि ओट्याशी उभी राहिले. लेओकादियानंही विचारलं नाही, काय म्हणतो म्हणून. तो बोलत राहिला, वर, खाली, मध्येच थांबून, एका ठिकाणी स्वतःशीच वैतागून, आणि आम्ही दोघींनी त्याचं शेवटपर्यंत ऐकलं. त्याचं झालं तेव्हा लेओकादियानं डबा उघडला, केकचा पहिला तुकडा कापला आणि त्याच्यासमोर ठेवला.